तानाबाईचं तिकीट

“घ्या मावशी, तुमचं तिकीट.”

वासुदेवरावांनी हात पुढे केला तेव्हा तानाबाई वांगी चिरून पातेल्यातल्या पाण्यात टाकत होती. तिला वाटलं, कुणाचं तरी तिकीट सांभाळायला देताहेत. यात्रेतल्या बाया चष्मे, गोळ्या, कवळ्यासुद्धा तिच्याकडेच ठेवायला देत.

“कोनाचं हाये जी?”

“तुमचंच. रोपवेचं. जाऊन या वर. दरसाल खालूनच पाहून राह्यल्या तुम्ही.”

तानाबाईनं पदराला हात पुसले, पण तिकीट घेतलं नाही.

वासुदेवराव वर्ध्याचे. हिवाळ्यात बस ठरवून माणसं देवदर्शनाला आणि थंड हवेच्या ठिकाणी फिरवून आणायची, हा त्यांचा धंदा. सिंदी, सेलू, समुद्रपूर, जिथून माणसं मिळतील तिथून ते गट जमवत. नवरा गेल्यापासून तानाबाई त्यांच्या बसबरोबर स्वयंपाकाला जायची. मध्य प्रदेशातला हा देवीचा डोंगर दर यात्रेत असायचा. माणसं रोपवेनं वर जायची. तानाबाई आणि ड्रायव्हर नत्थूजी खाली मैदानात, बसच्या सावलीत. कणीक मळता मळता ती वर बघायची. तारेवरून ते रंगीत पाळणे सावकाश सरकत जायचे. पहिल्या वर्षी तिनं एकदा विचारलं होतं, “मी बी येऊ काय जी?” वासुदेवराव हसून म्हणाले होते, “मंग सैपाक कोन करन?” त्यानंतर तिनं विचारलं नाही. माणसं खाली आली की एवढंच म्हणायची, “कसं वाटलं वो?” आणि बाया सांगायच्या, पोटात गोळा येते म्हणून.

मग आजच कसं सुचलं यांना?

“सैपाक राह्यला नं,” ती म्हणाली.

“नत्थूजी पाह्यते. अन् जेवाले उशीर झाला तरी चालते आज.”

जेवण दहा मिनिटं लांबलं तर मैदानभर ओरडणारा हा माणूस. तानाबाईनं नत्थूजीकडे पाहिलं. त्याला गॅसची शेगडी पेटवता येत नव्हती. तो टायरकडे बघत उभा होता, आणि टायरला काहीही झालेलं नव्हतं.

सकाळपासूनच काहीतरी बिनसलं होतं, हे तिला कळत होतं. सिंदीच्या कापडदुकानवाल्या मधुकररावांची बायको मोहिनीबाई, तिची गळ्यातली सोन्याची एकदाणी लॉजमधून निघताना सापडेना. गाद्या उलथून झाल्या, मोरी पाहून झाली. मोहिनीबाईचे गुडघे धरतात म्हणून पहाटे गरम पाण्याची बादली तानाबाईनंच त्यांच्या खोलीत नेऊन ठेवली होती. त्यावर कुणी काही बोललं नव्हतं. कुणी काहीच बोललं नव्हतं, तेच तिला खुपत होतं. चहा द्यायला ती बसमध्ये चढली तेव्हा बोलणं एकदम तुटलं. एका बाईनं पर्स शेजारून उचलून मांडीवर घेतली. रोज “माय, साखर कमी टाकजो” म्हणणारी माणसं त्या दिवशी पेला घेऊन खिडकीबाहेर बघू लागली.

“चाल नं वो ताना. मी येतो तुह्या संगं,” मागून जिजाबाई म्हणाली.

जिजाबाई समुद्रपूरकडची, शेतकऱ्याच्या घरची. मागच्या यात्रेत दोघींची ओळख झाली होती. बस थांबली की जिजाबाई तानाबाईजवळ येऊन बसायची, सांबार म्हणजे कोथिंबीर निवडायची, लसूण सोलायची आणि सुनेच्या गोष्टी सांगायची. सगळ्या बसमध्ये तानाबाईला ‘ताना’ म्हणणारी तीच एक.

“तू त सकाळीच सगळ्याइसंगं जाऊन आली नं?”

“मंग काय झालं? आखीन एकदा जाईन.”

“सकाळी त म्हने, डोळे मिटून बसली होती भेवानं.”

“आता तू हाये नं संगं,” जिजाबाई म्हणाली आणि तिचा हात धरून चालू लागली.

पाळणा आला, दार आपोआप उघडलं, त्या दोघी बसल्या आणि पायाखालची जमीन निघून गेली. तानाबाईनं दोन्ही हातांनी दांडा धरला. खाली चहाच्या टपऱ्यांची पत्र्याची छपरं, त्यांच्यावर ठेवलेले दगड आणि कुणीतरी फेकलेली एक चप्पल. मग सागाची झाडं सुरू झाली. झाडाचा शेंडा वरून पाहायचा, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच. एक वानर पिल्लू पोटाशी घेऊन फांदीवर बसलं होतं आणि पाळण्याकडे मान वर करून बघत होतं.

“अवो जिजा, पाह्य त! वांदराले बी वरून पाहून राह्यलो आपन!”

ती हसली. क्षणभर सकाळचं सगळं विसरली. दूरवर नदीची रेघ दिसत होती. उन्हात शेतं चौकटी-चौकटींची दिसत होती. नवरा असता तर म्हणाला असता, आपल्या गावापर्यंत दिसते काय पाह्य. तिनं खरंच तिकडे पाहिलं.

मग तिच्या लक्षात आलं की जिजाबाई बोलत नाही. जी बाई झोपेतही बडबडते म्हणून शेजारणी खोली बदलून मागत, ती पाळणा सुटल्यापासून गप्प होती. डोळेही मिटले नव्हते. नुसती पायांकडे बघत होती.

वर पोचल्यावर दर्शन झटपट झालं. तानाबाई म्हणाली, “चाल, तांदूळ भिजवाचे हायेत.”

“बस नं. रस पिऊ.”

रसाचा पेला जिजाबाईनं इतका सावकाश प्यायला की बर्फ विरघळून पाणी झालं. मग तिला बांगड्यांचं दुकान पाहायचं होतं. मग सावलीत टेकायचं होतं. मग फोटो काढायचा होता. तानाबाईला फोटो काढून घ्यायची हौस नव्हती, हे जिजाबाईला माहीत होतं.

तेवढ्यात जिजाबाईचा फोन वाजला. ती पाठ करून कठड्याकडे गेली, पण तिला ऐकू कमी यायचं, म्हणून ती मोठ्यानं बोलायची. सवय अशी लपत नाही.

“नाई, आतालोक नाई निघालो... हो, बसवून ठेवलं... हो, हो.”

ती परत आली.

“कोन होतं?”

“पोरगं माह्यं.”

“अन् कोनाले बसवून ठेवलं?”

जिजाबाईनं पदर तोंडावर घेतला. तानाबाई उठली आणि खाली जाणाऱ्या पाळण्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. जिजाबाई धावत मागून आली.

पाळणा सुटल्यावर जिजाबाईच बोलू लागली. “वासुदेवरावनं म्हटलं, अर्धा घंटा वर ठेवजो तिले. तेवढ्यात थैली पाहून घेतो म्हने. त्या मोहिनीबाईनं पोलिसाचं नाव काढलं होतं. मी म्हटलं, पाहू द्या एकदाचं. काई नाई भेटलं म्हंजे तुह्यावरचा आळ त जाईन. तुह्या भल्यासाठीच केलं ताना, देवीची आन.”

“मले इचारलं असतं त मीच थैली उलटी करून दाखोली असती.”

“थेच म्हटलं मी त्याइले.”

“मंग मले काऊन नाई सांगतलं?”

जिजाबाई रडू लागली.

सागाची झाडं संपली आणि मैदान दिसू लागलं. आधी बस दिसली, मग शेगडी, मग माणसांचं कोंडाळं. बसच्या पुढे ताडपत्री अंथरली होती आणि तिच्यावर काहीतरी हिरवं पसरलं होतं. पाळणा आणखी खाली आला तेव्हा तिनं ते ओळखलं. तिचं हिरवं पातळ. शेजारी दुसरं पातळ, परकर, झंपर. वासुदेवराव थैली उलटी धरून झटकत होते.

आणि ताडपत्रीच्या कडेला कुणीतरी साबण मांडून ठेवले होते. लॉजमध्ये मिळतात तसे छोटे, कागदात गुंडाळलेले. माणसं ते न वापरता टाकून जात. तानाबाई ते गोळा करून एका फडक्यात बांधून नेई. तिच्या लेकीच्या, काजलच्या, पोरांना त्यांचा वास फार आवडायचा. आता ते एका ओळीत उन्हात पडले होते. दोन-चार बाया वाकून बघत होत्या. त्यातली एक हसली असावी, कारण दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं.

पाळणा थांबला. खाली म्हातारीकोतारी चढत असली की तो असा मध्येच थांबतो; सगळ्यांना ते माहीत असतं. तो नेमका मैदानाच्या डोक्यावर लटकून राहिला. तानाबाईला ना उतरता येत होतं, ना हाक मारता येत होती. अंगावरचं वस्त्र कुणी ओढावं तसं तिला झालं. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतला आणि काचेतून बघत राहिली. जिजाबाई रडत होती. तिच्याकडे तिनं पाहिलं नाही.

ती मैदानात आली तेव्हा माणसं दोन्ही बाजूंना सरकली. वासुदेवरावांच्या हातात तिचं हिरवं पातळ होतं. ते कुठं ठेवावं हे त्यांना सुचेना.

“मावशी, गैरसमज नोका करू. सगळ्याइच्याच ब्यागा पाहाच्या होत्या...”

“भेटलं काय?” तानाबाईनं विचारलं.

“नाई.”

“मंग हे बी पाहून घ्या.” तिनं कमरेची पिशवी सोडली, उलटी केली. सुपारीची खांडं, अडकित्ता आणि चुन्याची डबी ताडपत्रीवर पडली. कुणी वाकलं नाही.

“पाहून झालं असन त घड्या घाला,” ती म्हणाली. “जशा होत्या तशा.”

वासुदेवरावांनी पातळ हातावर गोळा करायला सुरुवात केली.

“तशी घडी नाई होत. दोघं लागते.”

शेवटी मोहिनीबाई पुढे आली आणि तिनं पातळाचं दुसरं टोक धरलं. यात्रेचा मालक आणि दुकानदाराची बायको, दोघं मैदानात समोरासमोर उभे राहिले, ताणून कडा जुळवल्या, चालत जवळ आले, पुन्हा लांब गेले. घडी वाकडी झाली. तानाबाईनं ती मोडून परत घालायला लावली. दुसऱ्या पातळाचीही तशीच. साबण मात्र तिनं स्वतः उचलले, एकेक करून, आणि फडक्यात बांधले.

मग तिनं शेगडी पेटवली. तिनं चिरून ठेवलेली वांगी नत्थूजीनं तशीच पाण्यात काळी पडू दिली होती. तिनं ती निथळली, आलू घातले, फोडणी टाकली.

भाजीला उकळी येते न येते तोच बसमधून मधुकररावांचा आवाज आला. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला त्यांनी औषधाचा डबा उघडला होता. “अवो, हे काय! हे त माह्याच डब्यात हाये! तू आंग धुवाले गेली तवा मीच ठेवलं वाटते संभाळून!”

बसमध्ये हशा पिकला. कुणी टाळ्या वाजवल्या. कुणी “देवी पावली!” म्हणालं. मोहिनीबाईनं एकदाणी डोळ्यांना लावली, गळ्यात घातली आणि खिडकीतून शेगडीकडे पाहिलं. मग पटकन मान फिरवली. सगळ्यांना एकदम भूक लागल्यासारखं झालं. सकाळपासून दाबून धरलेली बोलणी सुटली. कुणी तरी लांबूनच ओरडलं, “मावशी, वास भल्ला सुटला जी भाजीचा!”

वासुदेवराव शेगडीजवळ आले. त्यांच्या हातात नवं तिकीट होतं.

“मावशी, जेवनं झाले का परत जाऊन या. निवांत. मघाशी नीट पाहनं झालं नसन.”

“झालं नं जी,” तानाबाई म्हणाली. “सगळं सप्पा दिसते वरून.”

तिकीट घडी करून त्यांनी खिशात ठेवलं. आणखी काही बोलावं असं त्यांना वाटत होतं, पण तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं आणि दोघांच्या मध्ये वाफ आली.

पोळ्या झाल्या, वरण-भात झाला. माणसं हात धुऊन, ताटल्या घेऊन रांगेत उभी राहिली. तानाबाईची रीत अशी की सगळ्यांना वाढायचं, मग नत्थूजीला, आणि उरेल ते पातेलं खरडून स्वतः खायचं. आज तिनं भांड्यांच्या गठ्ठ्यातली एक ताटली उचलली, पुसली. पोळ्या घेतल्या, भाजी घेतली, भातावर वरण घातलं. पातेल्यांशेजारी बसकर टाकून ती मांडी घालून बसली आणि जेवू लागली.

रांग थांबली. डाव भाजीतच उभा होता. हात लांब केला असता तर कुणालाही वाढून घेता आलं असतं. वासुदेवरावांनी घसा साफ केला. जिजाबाई रिकामी ताटली छातीशी धरून दोन पावलं पुढे आली. “ताना, बसू काय वो तुह्याजवळ?” तिनं हळूच विचारलं.

तानाबाईनं घास चावून गिळला, पाणी प्याली. भाजीत मीठ बरोबर पडलं होतं. तिनं डाव उचलला आणि स्वतःच्याच ताटात आणखी थोडी वाढून घेतली.