मोतीबाईला मी बोलावलं

माझी सासू धनीबाई वारली त्या सकाळी आमच्या अंगणात दोन तऱ्हेची माणसं जमली. एक तिला देवी मानणारी, आणि दुसरी, ती खरंच गेली का याची खात्री करून घ्यायला आलेली. मला दोघांचाही राग आला नाही. जो माणूस सगळ्यांना सारखाच गोड लागतो तो माणूस नव्हे, पेढा. आमची धनीबाई पेढा कधीच नव्हती आणि याचा मला आजही अभिमान आहे.

आधी ती तांड्याची सरपंच झाली, मग जिल्हा परिषदेची सदस्य. फेटिया-कांचळी हा आमचा आरशांचा पोशाख घालून ती यवतमाळच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसायची. साडी नेसून या, असं कोणी सुचवलं तर म्हणायची, "कपडे बदलाले नाई आली, रस्ता मागाले आली." रस्ता झाला. तांड्याला वेगळी ग्रामपंचायत मिळाली, आणि त्यापायी शेजारच्या गावाशी कायमचं वाकडं झालं. पाण्याची टाकी तिनं आधी बौद्ध वस्तीत बांधली, कारण त्यांना पाणी लांबून आणावं लागे. तेव्हा आमच्याच तांड्यातली अर्धी घरं वर्षभर तिच्याशी बोलली नाहीत. ती मात्र त्यांच्या दारावरून रोज मुद्दाम जायची, खाकरत.

सगळ्यात मोठी फूट पडली ती दारूवरून. माझा थोरला दीर भारत मोहाची दारू पिऊन पिऊन गेला. त्यानंतर सासूनं बाया गोळा केल्या, पहारी घेतल्या आणि नाल्याकाठच्या भट्ट्यांवरची मडकी फोडून टाकली. पोलिसांना तिनंच बोलावलं. कित्येक घरांत त्या दिवशी सुटकेचा श्वास टाकला गेला आणि कित्येक घरांतली चूल बंद पडली. त्यातलीच एक भट्टी खालच्या ओळीतल्या मोतीबाईची होती. तिचा नवरा रूपसिंग तुरुंगात गेला. तो परत आला तो खंगूनच, आणि फार जगला नाही. मोतीबाईनं लोकांच्या शेतात कापूस वेचून पोरं वाढवली. तेव्हापासून एक ग्रामसभा अशी गेली नाही की ती उठून माझ्या सासूवर तुटून पडली नाही.

आणि रडायला तांड्यात मोतीबाईसारखी दुसरी नाही. आमच्या गोरमाटी, म्हणजे बंजारा, बायांचं रडणं म्हणजे नुसते डोळे पुसणं नव्हे. मेलेल्याजवळ बसून, सुरात, त्याच्याशीच बोलत रडायचं. त्यानं काय दिलं ते सांगायचं आणि काय हिरावलं तेही सांगायचं. मोतीबाई रडली म्हणजे त्या माणसाचं सगळं आयुष्य अंगणात येऊन बसतं. आणि रडणाऱ्या बाईला मधेच कोणी थांबवत नाही, अशी आमची रीत आहे.

नेमकी हीच धास्ती माझ्या नवऱ्यानं घेतली होती. इंद्रजितला आईच्या जागी जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं, आणि पक्षाचे मोठे साहेब अंत्यदर्शनाला येणार होते. त्यांच्यासमोर भट्टी आणि तुरुंग निघायला नको म्हणून त्यानं पांढरकवड्याहून भजनी मंडळ बोलावलं, पेटी आणि भोंग्यासकट. वर मोतीबाईला निरोप धाडला, की आज येऊ नका.

मला हे कळलं तेव्हा मी सासूच्या पायाशी बसले होते. माझं डोकं सणकलं.

"तुम्ही कोन आडवनार तिले?" मी नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं.

"बबिता, एक दिवस दम धर. साहेब आले का गेले."

"याडीले जाळाले न्याचं एकच डाव असते," मी म्हटलं. आम्ही आईला याडी म्हणतो, आणि ती माझी सासू कमी, याडीच जास्त होती.

तो भोंगा लावायला निघून गेला. मी डोक्यावर पदर घेतला आणि खालच्या ओळीत मोतीबाईच्या घरी गेले. सुतकाच्या घरची सून दारोदार फिरत नाही. बाया बघत राहिल्या, मी त्यांना बघू दिलं.

मोतीबाई अंघोळ करून, जुना पोशाख घालून दारातच बसली होती. येऊ नको म्हटल्यावरही तिची तयारी झालेली होती.

"तुह्या नवऱ्यानं नाई म्हटलं मले," ती म्हणाली.

"मी बोलवाले आली ना, काकी."

"मी आली तं खोटं नाई बोलनार. रूपसिंगचं नाव घेईन. समजून घे."

"म्हूनच आली," मी म्हटलं. "तुम्ही नाई आल्या तं तिले कोन वळखनार? तिकडं तिचा फोटो हार घालून ठेवला हाय. पाहाल तं वाटंल, कोनाची तरी गरीब मामी मेली."

मोतीबाईच्या तोंडाचा कोपरा हलला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

आम्ही पोचलो तेव्हा साहेब आले होते आणि हातात माइक घेऊन बोलत होते. "सर्वांना सोबत घेऊन चालणारं नेतृत्व आपण गमावलं," ते म्हणाले. "धनीबाईंनी आयुष्यात कधी कोणाचं मन दुखावलं नाही."

अंगणात कोणीतरी खोकलं. तुळसाबाई, जी माझ्या सासूबरोबर पहार घेऊन पहिल्या दिवशी नाल्यावर गेली होती, तिनं पदर तोंडात कोंबला. ते रडू नव्हतं हे मला कळलं. साहेबांचं भाषण संपताच इंद्रजितनं भजनी मंडळाला खूण केली. पेटी वाजू लागली. मी गेले आणि भोंग्याची वायर उपटली. माझ्या तेरा वर्षांच्या संसारात मी इतकं समाधानाचं दुसरं काम केलेलं नाही.

शांततेत मोतीबाई पुढं गेली. माझ्या सासूच्या उशाशी बसली, तिच्या थंड हनुवटीला हात लावला आणि सूर लावला.

"धनी गं, माह्यी मडकी फोडली तू. माह्या रूपसिंगले गाडीत बसवलं तू. जाताना त्यानं मागं पाह्यलं, तू तोंड नाई फिरवलं, उभीच राह्यली."

इंद्रजित पुढं झाला. आमचे नायक पूनमसिंग, तांड्याचे वडीलधारे, खाटेवर बसले होते. त्यांनी फक्त काठी आडवी धरली. "रडत्या बाईले थांबवत नाई," ते म्हणाले. साहेब खुर्चीत अवघडून बसले.

"तुह्या भारतनं माह्याच भट्टीची प्याली, धनी. तुले ठावं होतं. तू कोनापाशी बोलली नाई. मले एकटीले बदनाम नाई केलं, साऱ्याच भट्ट्या फोडल्या. मी तुले ग्रामसभेत शिव्या देल्या, तू माह्यं नाव घरकुलात टाकलं. मी म्हटलं, तुह्यं घर नको मले. तू म्हटली, घर सरकारचं हाय, शिव्या चालू ठेव. आता कोनाले देऊ गं? तुह्याशी भांडाचं म्हून मी सकाळी उठत होती. बाकीचे सारे माह्याशी गोड बोलतात. एक तूच होती मले बरोबरीची समजनारी."

मला हुंदका आवरला नाही. दुःख तर होतंच, पण त्याहून मोठं काहीतरी छातीत भरून आलं होतं. वैरिणीनं असं रडावं, एवढं आयुष्य या बाईनं जगून दाखवलं होतं.

मग तुळसाबाई पुढं सरकली. "माह्या पोरीच्या मांडवात पोलीस आनले तू," ती रडत म्हणाली. "म्हने पोरगी लहान हाय. सोयऱ्यात नाक कापलं माह्यं. पोरगी नर्स झाली, पन ते नाक अजून जागेवर नाई आलं." बाया रडता रडता हसल्या. बौद्ध वस्तीतली मथुराबाई उभ्यानंच म्हणाली, "टाकीवर नाव लिहू म्हटलं तं अंगावर आली होती मायच्यान." एकेक बाई आपलं गाऱ्हाणं घेऊन पुढं येत गेली. देवी मानणाऱ्या आणि खात्री करायला आलेल्या, कोण कुठल्या हे आता ओळखू येईना.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि इंद्रजितला जवळ बोलावलं. मला वाटलं, हा आता हात जोडून माफी मागणार. मी मान वळवली.

पण तो साहेबांकडे गेलाच नाही. तो बायांमधून वाट काढत आला आणि आईच्या पायाशी बसला. आमच्यात पुरुष असा रडत नाही. त्याला सूर येत नव्हता, तो नुसता बोलत सुटला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"याडी, मागच्या डावाले माह्यं तिकीट तूच कापलं. ह्याच सायबाच्या घरी जाऊन सांगितलं तू, माह्या पोराले देऊ नका, त्याले लोकायचं खरं ऐकवत नाई. मले ठावं होतं. आजपोत्तर मी तुह्याशी नीट बोललो नाई. याडी, तू खरं बोलली होती."

साहेबांनी खाली पाहिलं.

मोतीबाईनं हात लांब करून माझ्या नवऱ्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. रूपसिंग गेल्यावर घराचं सगळं ओझं त्याच खांद्यानं वाहिलं होतं. ती बराच वेळ त्याला थोपटत राहिली. तिकीट गेलं हे मला कळत होतं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला या माणसाची बायको असल्याचा गर्व वाटला.

मग मोतीबाईनं डोळे पुसले आणि नायकांकडे पाहिलं.

"झालं," ती म्हणाली. "आता पुरी धनी जाते. उचला तिले."