कार्सन सिटीचे दोन सी

डेल्बर्ट रॅशनी गोळ्यांची डबी माझ्या काउंटरवर उपडी केली. आतून तिळाएवढा चांदीचा कण पडला. शेजारी त्यांनी एक डॉलर ठेवला, १८८९ सालचा, गरुडाची बाजू वर.

"मर्ना, पोरी, हा एक सी गळून पडलाय. परत बसवून दे."

कार्सन सिटीपासून तासाभरावरच्या फॅलनमध्ये जुन्या नाण्यांचं दुकान मी तीस वर्षं चालवतेय. लोक माझ्याकडे नाणं ओळखून घ्यायला येतात, डागडुजीला नाही. त्या साली डॉलर चार टांकसाळींत पाडला गेला. गरुडाखालच्या माळेच्या गाठीपाशी अक्षर नसेल तर फिलाडेल्फिया, ओ असेल तर न्यू ऑर्लिन्स, एस असेल तर सॅन फ्रान्सिस्को. दोन सी म्हणजे आमची कार्सन सिटी, आणि तो डॉलर इतका दुर्मीळ की इथल्या नाणी जमवणाऱ्यांच्या निम्म्या अल्बमांत नेमकं तेवढंच भोक रिकामं असतं. मी भिंग लावलं. उरलेल्या सीच्या कडेला गोंदाची पिवळी रेघ होती.

"हे फिलाडेल्फियाचं आहे. कुणी फसवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मीच चिकटवलेत. दुसऱ्या सालच्या एका झिजलेल्या कार्सन डॉलरवरचे खरवडून काढले. माझ्या आयनेझच्या अल्बममध्ये एवढं एकच राहिलं होतं गं. चौदा वर्षं झाली."

"खोट्यासाठी खऱ्या कार्सनचा जीव घेतलात? लाज नाही वाटली?" माझं डोकंच फिरलं होतं.

"घाल, हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण गेल्या आठवड्यात तिचा मोतीबिंदू काढला. आता तिला भिंतीवरची माशीसुद्धा दिसते. रविवारी तिची बहीण येतेय, तिच्यासमोर अल्बम उघडायचाय म्हणते. एकावन्न वर्षांच्या संसारात मी हे एकच खोटं बोललोय. तिनं तोंड फिरवलं तर मी कुणाकडे बघू?"

मला माझ्या तोंडाळपणाची लाज वाटली. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती त्यांना सांगणार नाही असा शब्द मी दिला होता. पण सी चिकटवून दिला असता तर हा माणूस पुढचा सी पडेपर्यंत धास्तावलेलाच राहिला असता. शब्द मोडायचं मी ठरवलं.

"अकरा वर्षांपूर्वी आयनेझ हेच नाणं घेऊन इथे आल्या होत्या."

"तू सांगितलंस तिला?"

"मी भिंग उचलायच्या आत त्यांनीच मला सांगितलं. खोटं आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यांना फक्त विचारायचं होतं, असे सी बसवायला माणसाला किती वेळ लागतो."

"मग? तू काय म्हणालीस?"

"बोटं जाड असतील तर महिना-दीड महिना."

डेल्बर्ट स्टुलावर बसले. त्यांनी स्वतःची जाड बोटं उलटसुलट करून बघितली.

"मी तिचं भिंग लपवून ठेवलंय," ते म्हणाले. "गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यात. दर हिवाळ्यात विचारते, डेल, माझं भिंग दिसलं का रे कुठे? आणि मी तिच्यासमोर सगळी कपाटं उपसतो."

"आणि त्या काय करतात?"

"खुर्चीत बसून सांगते, तिथे नसेल तर खालच्या कप्प्यात बघ."