चौदा नंबरचा शिक्का

दौंडला भाचीचा बाप्तिस्मा उरकून जॉयस सोमवारी सणसवाडीच्या कारखान्यात आली, तर तिच्या टेबलावर बारा पॅनेलांचे तपासणीचे कागद पडलेले. प्रत्येकावर 'तपासून पास' म्हणून मारायचा तिचाच चौदा नंबरचा शिक्का. तारीख शनिवारची.

"शनवारी तर मी दौंडला होते!" ती मोठ्यानंच म्हणाली.

तिथं विमानात पायलटच्या डोक्यावरच्या छतात बसवायची बटणांची जुनी पॅनेलं दुरुस्तीला येत. प्रवाशांसमोरचा 'धूम्रपान करू नका'चा दिवा त्यातल्याच एका बटणावर चाले. बटणाला तीन जागा होत्या: बंद, चालू आणि ऑटो. ऑटोवर ठेवलं, की चाकं खाली उतरताच दिवा आपोआप लागायला हवा.

तिनं त्या बारांतलं एक पॅनेल खोक्यातून काढून टेस्टरला जोडलं. बंद, बरोबर. चालू, बरोबर. ऑटोवर ठेवून चाकं उतरल्याचा सिग्नल दिला. दिवा लागलाच नाही. दुसरं जोडलं, तेही तसंच.

सुपरवायझर ज्ञानेश चहाचा कप घेऊन आला.

"सर, माझा शिक्का कोणी मारला?"

"आज सकाळीच माल न्यायला गाडी यायची होती. तुमचा ड्रॉवर उघडाच होता, मीच मारला. अहो जॉयसताई, विमानात आता कोण सिगारेट ओढतंय? पायलट बटण चालूवरच ठेवत्यात."

"मग ऑटो कशाला ठेवलंय? शोभेला? आन् आज दिव्याला चाललं, उद्या दुसऱ्या बटणाला बी चालंल का?"

"आवाज खाली करा."

"न्हाई करणार! चौदा नंबर म्हंजी मी. मी न बघितलेलं मी बघितलं म्हणून लिवलंय तुम्ही!"

ती तडक माल पाठवायच्या दारापाशी गेली. बाराही खोक्यांना तिनं माल थांबवायच्या लाल चिठ्ठ्या बांधल्या आणि प्रत्येकीवर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला. मॅनेजर धावत आले, मागून ज्ञानेशही. तिनं त्यांच्यासमोर एकेक पॅनेल टेस्टरला लावून दाखवलं. बारापैकी सातांचा दिवा ऑटोवर लागला नाही.

मॅनेजरांनी घाम पुसला. "बरं झालं सापडलं. माल परत आत घ्या. आता विषय मिटला."

"माझा न्हाई मिटला. शिक्का माझ्या माघारी वापरला, हे लिहून द्या."

"ताई, घरातली गोष्ट घरातच राहू द्या."

"हे माझं घर न्हाई, साहेब. माझी नोकरी हाय."

कोणी लिहीना, तेव्हा तिनंच कागद ओढून चार ओळी लिहिल्या आणि पेन त्यांच्यापुढं धरलं. मॅनेजरांनी दोनदा वाचून सही केली. ज्ञानेशनं केली नाही. तो पाठ फिरवून उभा राहिला. माफीचा शब्द दोघांच्याही तोंडून निघाला नाही.

संध्याकाळी शिरूरच्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. नवऱ्याचा, सॅमसनचा, फोन आला. "कसा गेला दिवस?"

"घरी येऊन सांगते," ती म्हणाली. "हितं बसमदी सांगितलं तर सगळी ऐकतील." मग जरा थांबून म्हणाली, "ऐकू द्यात की!" आणि तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.