एका रेषेतले सांधे

फिटरमास्तरांना डोळ्यांनी दगा दिला होता, आणि ते त्यांनी दोन वर्षं कोणाला कळू दिलं नव्हतं. चष्मा चढवला की कारखाना म्हणणार, झालं, म्हातारा निकामी! म्हणून ते बोटांनी काम भागवत.

समुद्राखालून बोगदा खोदणाऱ्या त्या अजस्र मशिनला खोदणाऱ्या चाकामागे रबराच्या पाच कड्या बसतात. पाणी आणि वाळू त्यांच्याच जिवावर बाहेर राहते. प्रत्येक कडीला एक सांधा, आणि दोन सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर पाण्याला सरळ वाट मिळते, हा पहिला धडा. कडी बसली की सांध्याच्या जागी बाहेरच्या पोलादावर नंबर ठोकायचा, ही रीत.

कारखान्यात बनलेल्या अशा दुसऱ्या मशिनला उद्या रंग लागणार होता. ग्रीस पुसून मास्तरांनी शेवटचा हात फिरवला, तो तिथेच थांबला. तीन आणि चार नंबर शेजारी शेजारी! कड्या बसवताना मोजपट्टीवरचा आकडा त्यांना भलताच दिसला होता. चाचणी पास झाली होती खरी, पण ती स्वच्छ तेलावर. समुद्राची वाळू कोणाच्या बापाचं ऐकते? गप्प बसावं असंही वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण या मुठीत माणसं होती.

ते तडक मशिनचा आराखडा करणाऱ्या डिझायनरबाईंकडे गेले. "बाई, चूक माझी. मशिन उघडा." डोळ्यांचंही सांगून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "पहिल्या मशिनच्या कड्या कोणी बसवल्या?"

"मीच."

पहिलं मशिन पाच महिन्यांपासून समुद्राखाली खोदत होतं, आणि ते चालवत होता मास्तरांचा जावई. मुलगी नको नको म्हणत होती. मास्तरच छाती काढून म्हणाले होते, "अगं, माझ्या हातचं आहे ते. त्याच्या केसाला धक्का लागायचा नाही." अरे देवा, काय करून बसलो मी!

बाईंनी फोन लावून दिला.

"बोला मामा!" जावई नेहमीसारखा खुशीत. "आज भरदुपारी आठवण?"

"जावईबापू, चाकामागच्या कड्यांतलं तेल बोटावर घेऊन बघता ना?"

"रोज बघतो की."

"कसं लागतं?"

"चार दिवस झाले, थोडं खरखरतंय. पोरं म्हणाली, वर कळवू. मीच त्यांना दटावलं. म्हटलं, सासऱ्यांनी बसवलंय, उगाच म्हाताऱ्याच्या नावाला बट्टा नको."

मास्तरांना रडू फुटलं. "लागू द्या बट्टा! चाक थांबवा आणि सगळ्यांना घेऊन बाहेर निघा, आत्ताच्या आत्ता!"

"अकरा जण आहोत, मामा," जावई हळूच म्हणाला. "बाहेर यायला पाऊण तास लागतो."