चायना गाडीची मागची सीट

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि चीनची आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. मागाहून कळलं की माणसं मला बोटानं टोचून बघतात, प्लॅस्टिक आहे का म्हणून. आहे. बऱ्याच ठिकाणी आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. गावाचं नाव सांगता येणार नाही, कारण जन्मल्याबरोबर मला खोक्यात घातलं आणि ते खोकं उघडलं थेट यवतमाळात. मधला सगळा समुद्र मी आडवी पडून नुसता ऐकला. माझ्यासोबत एक माहितीपुस्तक होतं, सगळं चिनी भाषेत. दुकानाचा मालक बंटीभाऊ गिऱ्हाइकांपुढं ते उघडून धरायचा आणि म्हणायचा, "आपण तोंडानं काई सांगत नाई. सगळं याच्यात लिवलेलं हाय."

बंटीभाऊनं दुकान दिवाळीच्या तोंडावर टाकलं होतं. कापूस विकला की माणसं गाडी घेतात, हा त्याचा अंदाज. पण ते वर्ष कापसाचं नव्हतं. पावसानं बोंडं काळी पडली, उरलेल्या कापसाला भाव आला नाही. माणसं दुकानासमोर थांबत, काचेतून माझ्याकडं बघत आणि आपल्या सायकलीवर टांग मारून निघून जात. होळीपर्यंत पडत्या भावात माझ्या बहिणी एकेक करून गेल्या. दुकानात मी उरले आणि एक कॅलेंडर. कॅलेंडर आधी गेलं.

तेव्हा हिरासिंग आला.

हिरासिंग एसटीत कंडक्टर. पन्नाशीला टेकलेला. बाभुळगाव रोडवरच्या फाट्यापासून आत त्याचा तांडा. बाजारालाच कोणी जाईना, तेव्हा तांड्याकडची संध्याकाळची गाडी बंद झाली. ज्यानं आयुष्यभर लोकांना घरी पोचवलं, त्यालाच घरी जायला काही उरलं नाही. म्हणून त्यानं मला घेतलं, असं तो सगळ्यांना सांगायचा.

मला घरी नेण्याआधी त्याला चालवायला शिकणं भाग होतं. पहिल्या दिवशी तो मागच्या सीटवर बसला आणि वाट बघू लागला. थोड्या वेळानं बंटीभाऊ म्हणाला, "हिरासिंगभाऊ, ड्रायव्हर येनार नाई." मग तो पुढं सरकला. कापूस खरेदीच्या मैदानात तो शिकला. एरवी तिथं कापसाच्या बैलबंड्यांतून मुंगीला वाट मिळत नसे. त्या वर्षी तिथं एक कुत्रं होतं आणि आम्ही होतो. कुत्र्यानंही लवकरच जागा बदलली.

तो शिकला, पण कंडक्टर काही त्याच्यातून निघाला नाही. निघण्याआधी तोंडानं "टिंग टिंग" म्हटल्याशिवाय त्याचा हात मूठ पिळायचा नाही. रस्त्यातल्या प्रत्येक थांब्यावर तो थांबायचा. कोणी नसलं तरी थांबायचा, दोन्हीकडं बघायचा आणि मगच पुढं निघायचा.

पण मित्रांनो, मला घेण्याचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं, कारण रस्त्यानं तो माझ्याशीच बोलायचा. ते कारण म्हणजे त्याची बायको रुपीबाई.

लग्न झाल्यापासून रुपीबाई त्याच्याच बसनं माहेरी जायची, बाजाराला जायची. तिकीट काढून जायची. सीटवर बसली रे बसली की पुढच्या थांब्यावर कोणी म्हातारं चढायचं, आणि हिरासिंग पहिल्यांदा आपल्याच बायकोला उठवायचा. घरची सवारी आधी उठली तर बाकीचे तोंड उघडत नाहीत, हा त्याचा नियम. पुढं पुढं तर ती बसायचीच नाही. दांडा धरून उभी राहायची. आता या वयात तिला एकदा ऐटीत बसवून न्यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

तो दिवस आला. बाभुळगावला रुपीबाईचा भाऊ भावसिंग याच्या पोरीचं लग्न होतं. रुपीबाई ठेवणीतलं लुगडं नेसली, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्यावर बसली. बसल्यावर दोनदा हलून बघितलं. "गादी बरी हाय," ती म्हणाली. हिरासिंगचे कान मागूनही लाल झालेले दिसत असतील. तो म्हणाला, "टिंग टिंग," आणि आम्ही निघालो.

फाट्यावर विठ्ठलराव उभे होते. तांड्यापलीकडच्या गावचे मोठे शेतकरी. बंद पडलेल्या गाडीची वाट बघण्याची त्यांची सवय अजून गेली नव्हती. थांबा दिसला म्हणून हिरासिंग थांबला. मागं न बघता म्हणाला, "उठ व, सवारी हाय."

आणि रुपीबाई उठली! तीही सवयीनंच. विठ्ठलराव सवयीनं बसले आणि म्हणाले, "बाभुळगाव एक." हिरासिंगचा हात खांद्यावरच्या पिशवीकडं गेला, पिशवी सापडली नाही, तरी त्यानं "टिंग टिंग" म्हटलं. तिघांपैकी कोणाला काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, कारण मागचं वजन एकदम हाडकुळं झालं होतं. मी दोनदा फटफटले. हिरासिंगला वाटलं, पेट्रोलमध्ये कचरा असेल.

लग्नमंडपासमोर भावसिंगनं विचारलं, "दाजी, बाई कुठी हाय?"

हिरासिंगनं मागं बघितलं. विठ्ठलरावांनीही मागं बघितलं, त्यांच्या मागं कोणी नव्हतं.

तेवढ्यात एक काळीपिवळी जीप येऊन थांबली. ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून रुपीबाई उतरली, कोणाकडं न बघता आत गेली आणि पंगतीत बसली. सगळं लग्न नवरानवरीला सोडून माझ्याभोवती जमलं. एका म्हातारीनं तर माझी मागची सीट हातानं चाचपून पाहिली.

घरी आल्यावर रुपीबाई एवढंच बोलली, "तुमच्या बसमंदी मी आयुष्यभर उभी राह्यली. या गाडीत तर उभं राह्याले बी जागा नाई. आता मी काई बसत नाई."

आणि ती खरंच बसली नाही. हिरासिंगनं सीटवर फुलाफुलांचं कव्हर घातलं. ते तिनं काढून शिलाई मशीनला घातलं. बाभुळगावहून जिलबी आणली. ती तिनं शेजारणीत वाटली. बाजाराच्या दिवशी ती पुढून पायी चालायची आणि मागून मी रिकामी, पहिल्या गिअरमध्ये कण्हत. अशा वेळी आम्हा यंत्रांना रडता येत नाही. थोडं ऑइल गळतं, तेवढंच.

एके दिवशी हिरासिंग मला एसटीच्या गाड्या रंगवणाऱ्या मारोती पेंटरकडं घेऊन गेला. बसच्या सीटमागं 'राखीव' लिहितात ना, ते हाच लिहायचा.

"मांगच्या सीटवर राखीव लिव," हिरासिंग म्हणाला.

"कोनासाठी? महिला, अपंग, का आमदार?"

"रुपीबाई."

मारोतीनं ब्रश खाली ठेवला. "अशी जात नाई ना आपल्या यादीत."

"आता टाक."

पांढऱ्या रंगात, ठसठशीत अक्षरांत मारोतीनं लिहिलं: राखीव – रुपीबाई.

परत येताना दुपार कलली होती. फाट्यावर विठ्ठलराव उभेच. हिरासिंग थांबला, पण विठ्ठलराव टांग टाकणार तोच त्यानं हात आडवा धरला.

"बसता येनार नाई. राखीव हाय."

विठ्ठलरावांनी वाकून वाचलं. त्यांना आजवर कोणी अडवलं नव्हतं. "अबे, पन ते हाय कुठी? सीट तं खाली हाय!"

"खाली नाई जी, राखीव हाय."

"मंग मी काय उभा राहू?"

"या गाडीत उभ्यानं प्रवास नाई."

विठ्ठलराव पाय आपटत चालायला लागले. आता त्यांना टाकून पुढं जाणं हिरासिंगच्या जिवावर आलं. सवारी टाकून गाडी नेणं त्यानं कधी केलं नव्हतं. मग तो त्यांच्या बाजूनं, त्यांच्या चालीनं मला चालवू लागला. विठ्ठलराव थांबले की आम्ही थांबायचो. ते निघाले की तो हळूच "टिंग टिंग" म्हणायचा. "लेका, तू जा ना पुढं!" ते ओरडले. "नाई जी, बरं नाई दिसत," हिरासिंग म्हणाला. माझं इंजिन तापून लाल झालं, विठ्ठलराव त्याहून लाल झाले, आणि सीट तेवढी रिकामी, थंडगार.

तांड्यात पोचलो तेव्हा रुपीबाई दारात ज्वारी पाखडत होती. लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं. हिरासिंगला वाचून दाखवायची लाज वाटली. तो आरसा पुसत बसला.

विठ्ठलराव मात्र घाम निथळत पुढं झाले. "इकडं ये बाई! वाच! नाई येत? मी वाचतो. राखीव, रुपीबाई! सातबाऱ्यावर नसंन तुहं नाव, सीटवर हाय! यानं मले फाट्यापासून चालवत आनलं, पन तुही जागा नाई देल्ली!"

रुपीबाईचं सूप थांबलं. ती उठली, आधी विठ्ठलरावांना पाणी दिलं. मग माझ्याजवळ आली, अक्षरांवरून हात फिरवला. रंग अजून ओला होता, तिच्या बोटाला लागला. तो तिनं पुसला नाही. लुगडं सावरून ती बसली, अगदी शांतपणे.

"चला," ती म्हणाली. "काकाजीले त्यायच्या गावी सोडून देऊ. बसा काकाजी, मी सरकते थोडी."

"तीन सवाऱ्या चालत नाई," हिरासिंग म्हणाला.

"सीट माही हाय," रुपीबाई म्हणाली. "कोनाले बसवाचं ते मी पाहीन."

हिरासिंगला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा नियम सापडला नाही. विठ्ठलराव काठावर बसले. तिघांचं वजन मला झेपत नव्हतं, पण त्या दिवशी मी एकदाही बंद पडले नाही.

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षं झाली. बंटीभाऊच्या दुकानात मोबाइल मिळतात. माझे पार्ट मिळत नाहीत. एक स्प्रिंग फवारणी पंपाची आहे, आणि मागचा दिवा ट्रॅक्टरचा असल्यानं लोक मला भलतंच मोठं समजून वाट देतात. मी बाभळीखाली उभी असते. कधीकधी चिमण्या हँडलवर बसून जातात.

माझी एकच विनंती आहे. गाडी कुठलीही असो, तिला वेळेवर ऑइल द्या, साखळी सैल पडू देऊ नका, उन्हात उभी करू नका. आणि कोणी मला नवा रंग द्यायला निघालंच, तर मागच्या सीटला हात लावू नका. तिथली अक्षरं आता दिसत नाहीत. ती उन्हानं उडाली नाहीत, पावसानंही धुतली नाहीत. रुपीबाई रोज बसून बसून ती झिजली आहेत.