काटा अडतीसवर धर

टेपचं पहिलं टोक पत्र्याचं असतं. बाकीची टेप ताणते, मळते, आकडे पुसट होतात. पत्रा तसाच राहतो.

*

"चाळीसच्या वेगाने शर्यत? मग मी मागून चालत येतो, पाण्याची बाटली घेऊन."

*

गुळगुळीत झालेल्या टायरवरून तळहात फिरवला तर बरं वाटतं. टायरचं त्यात काही बरं नसतं.

*

गिऱ्हाईक जुना सदरा टेबलावर टाकतं आणि म्हणतं, अगदी याच मापाचा शिवा. नवा अंगात घातला की भांडायला येतं.

*

जाकिटाच्या पाठीवर वीतभर रुंद पारदर्शक खिसा. आत गजराचं घड्याळ.

*

उंच माणसाची पावलं कमी पडतात. रस्ता तेवढाच असतो.

काटा : शून्य

घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि मोटारसायकल शेजारीशेजारी उभी असतात. मशीन नणंदेचं, मोटारसायकल वहिनीची. मधून अंग चोरून जायची वाट तेवढी घरधन्याची, म्हणजे एकीच्या थोरल्या भावाची आणि दुसरीच्या नवऱ्याची.

वहिनी स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर क्लचच्या वायरी आणि ब्रेकचे लायनर विकते, संध्याकाळी गाडीवर बसते, आणि मग कोणाच्या बापाचं ऐकत नाही. शहरातल्या मोटारसायकल क्लबच्या संघात एक जागा रिकामी झाली होती. कप्तानाने सांगून टाकलं, रविवारच्या शर्यतीत जो पहिला, जागा त्याची. वहिनीला ती जागा हवी होती. भूक लागल्यासारखी नाही. शिंक अडकल्यासारखी.

शर्यत साधी आणि चमत्कारिक. जोरात जाणाऱ्याला काही नाही, बरोबर जाणाऱ्याला सगळं. पूर्ण रस्ता चाळीसच्या वेगाने. वाटेत तीन ठिकाणी क्लबची माणसं लपलेली, हातात झेंडा आणि घड्याळ. तिथे एक सेकंद उशीर झाला तर एक गुण डोक्यावर, एक सेकंद लवकर आलात तर दोन. ज्याच्या डोक्यावर सर्वांत कमी, तो पहिला. मोबाइल सुरुवातीलाच पाकिटात घालून सीलबंद. जवळ फक्त गाडीचं मीटर, एक घड्याळ, रस्त्याचा कागद आणि मागे बसलेला जोडीदार.

जोडीदार म्हणून वहिनीने नवऱ्याला विचारलं नाही. त्याला चौकात डावं-उजवं कळत नाही, हे लग्नाच्या वरातीपासून सिद्ध झालेलं.

"वन्सं, तुम्ही बसाल का मागे?"

"मला गाडीवर मळमळतं."

"चाळीसने कोणाला मळमळतं?"

"एकदाच हं," नणंद म्हणाली. तोंडातल्या टाचण्या तिने काढल्या नव्हत्या. "आणि काम नीट करायचं असेल तरच."

काटा : अजून शून्य

घोटाळा टायरपासून झाला. पुढचा टायर इतका गुळगुळीत, की कप्तानाने तपासणीत उभंच केलं नसतं. त्याच मापाचा नवा टायर शहरात कुठेही मिळेना. वहिनीच्या दुकानात त्याच रिमवर बसणारा एक होता, पण अंगाने जरा उंच.

"बसतो," वहिनी म्हणाली. तिने बसवलाही. मग दुकानासमोरच्या रस्त्यावर एक फेरी मारून आली ती हेल्मेट न काढता थेट मशीनसमोर उभी राहिली. "वन्सं, मीटर बिघडलंय. काटा चाळीसवर, आणि गाडी त्याहून पुढे पळतेय. मला पायाखाली कळतं."

नणंदेने मशीन थांबवलं. "मीटरला वेग कळतो कशावरून?"

"या गाडीला पुढच्या चाकातून केबल आहे. चाक किती गरगरलं, एवढंच केबल वर सांगते."

"म्हणजे ते रस्ता बघतच नाही. चाकाचे वेढे मोजतं."

"हो."

"आणि चाक मोठं झालं, तर एका वेढ्यात जास्त रस्ता जातो. वेढे कमी, म्हणून काटा कमी." नणंद उठली. तिच्या कानामागची पेन्सिल उठताना पडली, ती तिने पायाने थांबवली. "आण तो जुना टायर."

तिने जुन्या टायरभोवती टेप गुंडाळली, पुरली नाही तिथे खडूची खूण करून पुढचं मोजलं. मग स्टँडवर उभ्या गाडीच्या नव्या टायरभोवती. जुना एकशे ऐंशी सेंटीमीटर, नवा एकशे एकोणनव्वद.

"विसाला एक जास्त," ती म्हणाली. "मीटरने एकोणीस सांगितलं की समजायचं वीस झाले. चाळीस हवे असतील तर काटा अडतीसवर धर."

वहिनीने पुढे वाकून नणंदेचा गालगुच्चा घेतला. हाताला ग्रीस होतं.

त्याच दुपारी नणंदेने वहिनीच्या जाकिटाच्या पाठीवर प्लॅस्टिकचा खिसा शिवला. आत स्वतःचं गजराचं घड्याळ आणि रस्त्याचा कागद. मागे बसलेल्या माणसाला मान वळवायलाही नको.

"पाठीवर घड्याळ लावून फिरणार?" घरधनी म्हणाला. "मागून येणाऱ्यांची सोय झाली."

काटा : अडतीस

सुटली गाडी. काटा अडतीसवर, जुन्या मीटरचा काटा असावा तसा, थोडा थरथरत. शहर संपतं तिथल्या गोदामांच्या भिंती, मग पत्र्याच्या शेड, मग मोकळं.

थोडा आधी सुटलेला एक जण पुढच्या वळणावर दिसला. त्याला सगळे झकपक म्हणत. नवी कोरी गाडी, मीटरच्या जागी रंगीत पडदा, आणि दिसायला छान म्हणून मूळचे काढून बसवलेले बुटके, पसरट टायर. जागा त्याचीच, असं कप्तानाचा चहावालाही म्हणत होता. झकपकने हात हलवला. वहिनीने हँडलवरचा हात उचलला नाही, काटा हलला असता.

"हळू होतेयस," मागून नणंद.

"चढ आहे."

"चढाला सांगून ठेव, मीटरकडे बघत जा म्हणून."

"वन्सं, हसवू नका. काटा हसतो."

कागदावर पहिली खूण लोखंडी पुलाची. क्लबने मुद्दाम लिहिलं होतं, सुरुवातीपासून पुलाच्या पहिल्या खांबापर्यंत मोजून दहा किलोमीटर, ज्याला मीटर तपासायचं त्याने तपासावं. पुढे कुठेच अंतर दिलेलं नव्हतं, नुसती वळणं. म्हणजे तपासायची संधी ही एवढीच.

"पुलावर आपलं मीटर साडेनऊ दाखवेल," नणंद घड्याळाकडे बघत म्हणाली. "विसाला एक या हिशेबाने."

पूल आला. खांब आला. वहिनीने मीटरमधल्या अंतर दाखवणाऱ्या बारक्या चाकतीवर डोळा टाकला.

"नऊ पॉइंट सात."

"काय?"

"नऊ पॉइंट सात, वन्सं."

"नीट बघ."

"नीटच बघतेय, दुसरा उद्योग काय आहे मला."

पाठीवरचं घड्याळ सांगत होतं, पंधरा मिनिटांत यायला हवं होतं आणि वर अठरा सेकंद झालेत. अठरा सेकंद म्हणजे अठरा गुण. झेंडेवाला पुढच्या वळणावर असेल तर जागा गेली.

काटा : कुठे ठेवू?

"क्लबवाल्यांनी पूल चुकीचा मोजला असणार," नणंद म्हणाली. वाऱ्यात तिचा आवाज फाटत होता. "माझी टेप चुकत नाही."

"टेप चुकत नसेल. पण पूलही हललेला नाही. आणि घड्याळ तुमचंच आहे."

नणंदेने घड्याळाकडे बघितलं, मग मान वळवून पुलाकडे.

"वन्सं, काटा कुठे ठेवू ते सांगा. चुकीचं सांगा, पण सांगा."

वहिनीच्या बरगड्यांशी नणंदेचे हात आवळले गेले. पाठीवर एक बोट टकटक करायला लागलं. कापड कापायच्या आधी ती टेबलावर करते तशी टकटक. एक ट्रक समोरून गेला, धुळीने काच पिवळी झाली. वहिनीने काटा अडतीसवरच धरून ठेवला, कारण दुसरं काही सांगितलेलं नव्हतं.

मग टकटक थांबली.

"वहिनी, तो जुना टायर केवढा झिजला होता?"

"झिजायचं काही राहिलंच नव्हतं. नव्या टायरवर करंगळीच्या नखाएवढी नक्षी असते. ती सगळी गेलेली."

मग नणंद हसली. हेल्मेटच्या आत, मोठ्याने, स्वतःवर.

"मी मापाला धुऊन आटलेला सदरा घेतला गं. हयात गेली गिऱ्हाइकांना सांगण्यात, जुना कपडा देऊ नका, तो तुमचं माप सांगत नाही, त्याच्यावर काय गुदरलं ते सांगतो. आणि स्वतः काय केलं? झिजलेल्या टायरलाच टेप लावली."

"मराठीत सांगा."

"मीटर बनवलं ते कोऱ्या टायरवरून. तो तुझ्या गुळगुळीत टायरपेक्षा घेराने मोठा. म्हणजे आपला नवा टायर त्याच्याहून मोठा आहे, पण मी समजले तेवढा नाही. विसाला एक नाही. पुलाने सांगितलं तेच खरं, शंभराला तीन."

"मग काटा?"

"एकोणचाळीसच्या जरा खाली. पण आत्ता नाही. आत्ता चाळीसवर घे."

"चाळीसवर? आत्ता तर म्हणालात..."

"मीटर कमी सांगतं, सांगू दे. ते चाळीस म्हणेल आणि आपण चाळीसच्या वर पळू. मिनिटाला दोन सेकंदांच्या आसपास वसूल होतील. दहा मिनिटं तशीच चालव, अठरा सेकंद फिटले. मग खाली ये."

"जोरात मारते ना, एका मिनिटात फेडते."

"आणि वळणावर झेंडा असला तर? उशीर एकपट, घाई दुप्पट. आपण किती पुढे गेलो ते मोजायला माझ्याकडे काही नसेल. काट्यावर राहिलीस तर मला मोजता येतं."

वहिनीच्या मनगटात जोर आला होता, तो तिने परत आत ओढला. आयुष्यात याहून अवघड काम तिने केलं नव्हतं. मोकळा रस्ता, गरम इंजिन, आणि दोन बोटं फिरवण्याइतकीच परवानगी.

काटा : चाळीस

"फिटले किती?"

"सहा."

पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे. गाडी वाकली, नणंद या वेळी गाडीबरोबर वाकली. सकाळपासून ती वळणावर उलटी वाकत होती, आणि दोघींनाही ते माहीत होतं.

"फिटले किती?"

"दहा. मळमळ विचार ना, ती विचारत नाहीस."

"आहे का?"

"विसरले होते. आता आठवण केलीस."

वहिनी गाणं म्हणावं तसं काहीतरी पुटपुटत होती. चाळीस, चाळीस, चाळीस. नणंद पाठीवरच्या काट्याबरोबर मान हलवत होती. दोघींच्या मध्ये घड्याळ टिकटिकत होतं आणि ते वहिनीला पाठीच्या कण्यात ऐकू येत होतं, म्हणजे तसं वाटत होतं. उजवीकडे कुंपण. डावीकडे एक माणूस शिडी घेऊन चाललेला. त्याला ओलांडलं, आणि कुंपणाआडून पिवळा झेंडा बाहेर आला.

"थांबू नकोस, अशीच जा, अशीच," नणंद.

झेंडा खाली पडला, म्हणजे वेळ टिपली गेली.

"किती?"

"तेरा फिटले होते. पाच राहिले."

"पाच," वहिनी म्हणाली. मग पुन्हा, "पाचच."

काटा : एकोणचाळीसच्या जरा खाली

उरलेले फेडून झाल्यावर नणंदेने काटा खाली उतरवला, दिव्याची वात उतरवावी तसा. तिथून पुढे जे झालं ते सांगायला फारसं काही नाही, आणि त्या दोघी ते अजून सांगत असतात. चढ आला, वहिनीने काटा पडू दिला नाही. उतार आला, चढू दिला नाही. दुसरा झेंडा वीटभट्टीच्या धुरात होता, तिथे एक सेकंद उशीर. तिसरा एका शाळेच्या फाटकाशी. नणंदेने "आत्ता" म्हटलं आणि तेव्हाच झेंडा पडला. कोणी कोणाला बघून केलं ते ठरवता आलं नसतं.

शेवटच्या मैदानात झकपक आधीच चिडून बसला होता. त्याचे बुटके टायर भराभर फिरत होते, पडदा चाळीस दाखवत होता आणि गाडी मात्र त्याहून कमी पळत होती. तिन्ही झेंड्यांपाशी तो उशिरा पोहोचला होता, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. पडद्यावर थाप मारून तो म्हणत होता, हे खोटं कसं सांगेल.

कप्तान खडू घेऊन फळ्यापाशी गेला. लिहायच्या आधी त्याने हातातला कागद दोनदा वाचला. दुसऱ्या जोडीच्या डोक्यावर नऊ होते. पहिल्या जोडीच्या सहा.

वहिनीने हेल्मेट काढलं नाही. आत तिचं तोंड कसं झालंय ते कोणाला दिसू नये म्हणून.

"जागा तुमची," कप्तान म्हणाला. मग त्याचं लक्ष जाकिटाच्या पाठीकडे गेलं. "हे कोणी शिवलं?"

"ह्यांनी. माझ्या वन्सं."

"आमच्या बाकीच्या पाच गाड्यांचीही मीटरं बघाल का?" कप्तानाने नणंदेला विचारलं. "सगळ्यांनी टायर बदललेत."

"मी एकदाच आले होते," नणंद म्हणाली. मग वहिनीकडे बघितलं. हेल्मेटची काच आतून धुरकटली होती. तिने गळ्यातली टेप ओढली, पत्र्याचं टोक अंगठ्याखाली धरलं. "कोऱ्या टायरचं माप मिळेल का, ते आधी सांगा. वापरलेलं मी घेणार नाही."

"आणि संघात मागे कोण बसणार?"

"काम नीट करायचं असेल, तर विचारा."

पाण्याची बाटली घेऊन घरधनी चालत मैदानात पोहोचला, तेव्हा दोघी त्या पाचांतल्या पहिल्या गाडीच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या होत्या.

वहिनीच्या मोटारसायकलवर नणंद अगदी पहिल्यांदा बसली होती ती या शर्यतीच्या कितीतरी आधी, घरातच उभ्या गाडीवर, सीटच्या कव्हरचं माप घ्यायला.