भागाकारबाबाचं शून्य

गॅरेजच्या वरचा हॉल गच्च भरला होता. फळ्यापुढे भागाकारबाबा तार स्वरात ओरडत होते, "मोबाइल नंबर लिहा! तोच उलटा करून पुढे जोडा! डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, एकच! आता अकराने भागा. बाकी शून्य, तर रोग शून्य! औषधं बंद!"

एका बाईने स्वतः भागाकार केला. शून्य! लोकांनी टाळ्या पिटल्या, कुणी कुणी रडलेसुद्धा.

मी शाळेत गणित शिकवते. एरवी पोट धरून हसले असते. पण पहिल्या रांगेत माझा दादा होता आणि त्याच्या मांडीवर पिंगी, माझी भाची. परवा तिच्यासाठी लिहिलेल्या दादाच्या नंबराला शून्य आलं आणि या शहाण्याने तिचं इन्शुलिन बंद केलं. सकाळपासून तिला उलट्या होत होत्या, आता नुसती धाप लागली होती.

"दादा, पाया पडते तुझ्या. दवाखान्यात चल."

"विष बाहेर पडतंय म्हणाले बाबा. रोज सुया टोचतो गं मी तिला. नाही बघवत आता!"

याला रागवायचं तरी कसं? मी तरातरा फळ्याकडे गेले.

"बाबा, माझ्या नवऱ्याचा नंबर लिहिते."

लिहिला, उलटा जोडला, भागला. शून्य.

"ठणठणीत होणार! गोळ्या फेक, बाई!"

"कुणाच्या? तो गेला, त्याला वर्ष झालं."

बाबा मात्र बिलंदर. "म्हणजे आत्मा बरा झाला!" आणि खरं सांगते, मागून टाळ्या पडल्या! माझं डोकंच फिरलं.

"अहो, कुणालाही शून्यच येतं! बाराचे बाराशे एकवीस करा, तेराचे तेराशे एकतीस, जातो भाग. एकाआड एक आकड्यांच्या दोन बेरजा करा. उलटं जोडल्यामुळे प्रत्येक आकडा एकदा या बेरजेत येतो, एकदा त्या. बेरजा सारख्या आल्या की अकराने भाग जातोच. यात बाबा कुठे आला?"

दादाने बोटाने तळहातावर काहीतरी लिहून पाहिलं. मग पिंगीला उचललं आणि जिन्याकडे धावत सुटला.

आता आम्ही अतिदक्षता विभागाबाहेर बसलो आहोत. पिंगीने अजून डोळे उघडलेले नाहीत. मघाशी दादाने विचारलं, "पण भागाकार तर बरोबर होता ना गं?"

"बरोबरच होता, दादा. पिंगीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता."

तो ढसाढसा रडला.

म्हणून हात जोडून सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा: "ज्याला यात 'बरा होणार नाही' असं उत्तर येतं, असा एक तरी माणूस दाखवा." जे मेलेल्यालाही लागू पडतं, ते जिवंताबद्दल काहीच सांगत नाही. आणि उत्तर काहीही मिळो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय लेकराचं औषध थांबवू नका.